गातो फक्त गायकवृंद, मंडळी गप्प. काय करावं?

मधलं_सप्तक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी (इथे दोन्ही अर्थांनी, तुम्ही वाचकही आणि चर्चला जमणारे लोकही),

अकरा वर्षं मी आमच्या चर्चच्या गायकवृंदात कीबोर्ड वाजवतोय. चार वर्षांपासून संगीतसेवेची जबाबदारी माझ्याकडे आहे. म्हणजे गाणी निवडणं, शनिवारची तालीम, कोण कुठल्या माईकवर, आणि कोण कुणावर रुसलंय याची नोंद ठेवणं.

गेल्या महिन्यात आई आजारी होती. तिला संदेश (पाळकांचं प्रवचन) ऐकायचा होता म्हणून भक्ती (रविवारची उपासना) सुरू होण्याआधीच फोन रेकॉर्डिंगला लावला आणि शेवटून दुसऱ्या बाकावर ठेवून दिला. संध्याकाळी आईला लावून दिलं. तिनं संदेश ऐकला. मी मात्र आधीची पंचवीस मिनिटं ऐकत बसलो.

स्पीकरमधून आम्ही छान ऐकू येतो. ड्रम्स, माझा कीबोर्ड, गिटार, तीन माईक. आणि त्याखाली? बाक करकरतोय. कुणीतरी खोकतंय. एक बाई शेजारणीला विचारतेय, "पुस्तकात आहे का हे?" शेजारीण म्हणते, "नाही गं, पडद्यावर बघ." पाच गाण्यांत मंडळीचा आवाज असा एकदाही नाही. तो पहिल्यांदा ऐकू आला थेट शेवटच्या आशीर्वादानंतर, "आमेन" म्हणताना.

दीडशेच्या वर माणसं असतात. लहानपणी याच बाकांवर आजीशेजारी उभा राहून मी गायलोय, तेव्हा छताचे पत्रे वाजायचे. आता आमची तयारी तेव्हापेक्षा कितीतरी चांगली आहे. तालमी होतात, यंत्रं चांगली आहेत, मुलं सुरात गातात. मग मंडळी का गप्प बसली? अनुभवी लोकांनी सांगावं. "प्रार्थना करा" एवढंच सांगणार असाल तर ती चालू आहे.

---

तिसरं_कडवं

आधी हे सांगा, तिसरं कडवं गाळता का? आमच्याकडे "पहिलं, दुसरं आणि शेवटचं" असं फर्मान सुटतं. पन्नास वर्षांत मी कुठल्याही गीताचं तिसरं कडवं ऐकलेलं नाही. स्वर्गात गेल्यावर सगळे तिसरं कडवं म्हणतील आणि मी उभा राहीन तोंड उघडं टाकून.

---

साउंडवाला_पोऱ्या

मी मिक्सरवर बसतो, म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खातो. दोन गोष्टी सांगतो.

एक. माणूस गातो केव्हा? त्याला स्वतःचा आवाज थोडासा आणि शेजाऱ्याचा बऱ्यापैकी ऐकू येतो तेव्हा. स्पीकर इतका मोठा असेल की स्वतःचाच आवाज कानात येत नाही, तर दुसऱ्या ओळीला तो थांबतो. कुणी ठरवून थांबत नाही, आपोआप होतं. उलटही खरं. सगळं अगदी हळू ठेवलं तर आपला आवाज उघडा पडेल या भीतीनं माणूस पुटपुटतो. मधलं माप शोधायला हेडफोन काढा आणि शेवटच्या बाकाशी जाऊन उभे राहा. मिक्सरजवळ बसून ते कळत नाही.

दुसरी गोष्ट, तुम्ही लिहिलंत की पूर्वी पत्रे वाजायचे. आता फॉल्स सीलिंग आहे का? खाली गालिचा? खिडक्यांना जाड पडदे?

---

मधलं_सप्तक

तिन्ही आहे. शिवाय भिंतींना मागे फोम लावलाय, संदेश स्पष्ट ऐकू यावा म्हणून.

---

साउंडवाला_पोऱ्या

मग मंडळीचा आवाज फोमनं खाल्लाय. बोलण्याला कोरडा हॉल लागतो, समूहगायनाला थोडा घुमणारा. दगडी चर्चमध्ये वीस माणसं गायली तरी शंभरांसारखी वाटतात, कारण प्रत्येकाचा आवाज भिंतीवरून परत येऊन शेजाऱ्याच्या आवाजात मिसळतो. तुमच्याकडे आवाज तोंडातून निघतो आणि गालिच्यात जिरतो. प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच गातोय. फोम काढा म्हणत नाही, पाळकसाहेब मला शोधत येतील. पण बाकांच्या मधला गालिचा तरी गुंडाळून बघा.

आणि एक राहिलं. पडद्यावरचे शब्द कोण बदलतं? ओळ संपल्यावर बदलत असेल तर मंडळी कायम अर्धी ओळ मागे राहणार. शेवटच्या शब्दाच्या आधीच पान बदललं पाहिजे.

---

अल्टो_मावशी

चाळीस वर्षं गायकवृंदात आहे. माझा पहिला प्रश्न, कुठल्या पट्टीत गाता?

हल्ली काय होतं, मुलं यूट्यूबवरून गाणं उचलतात आणि ते रेकॉर्डिंग ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत बसवतात. गाणारा असतो उंच गळ्याचा, रोज रियाज करणारा. आणि आपल्या बाकावर कोण असतं? सकाळी अजून नीट घसाही न उघडलेले बँकेतले काका.

साधा हिशेब सांगते. समजा ध्रुवपदातला सगळ्यात वरचा सूर तार सप्तकातला गंधार आहे. पांढरी एक पट्टी (पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीवर सा) धरलीत तर तो जातो वरच्या पांढरी तीनवर. काका तिथे पोचत नाहीत, काकूही ओरडल्याशिवाय पोचत नाहीत. तेच गाणं खालच्या काळी पाचला उतरवलं की तो सूर येतो पांढरी दोनवर. तिथपर्यंत बहुतेक माणसं येतात. माझा नियम असा की वरच्या पांढरी दोनच्या पलीकडे मंडळीला नेऊ नये, आणि तिथेही फार वेळ उभं करून ठेवू नये. मग तुमच्या मुख्य गायिकेला ते "डल" वाटलं तरी चालेल. आमच्या एका मुलीला असंच वाटायचं. तिला म्हटलं, बाळा, तुझ्या गळ्याला साजेल असं एकल गीत अर्पणाच्या वेळी गा, सगळे ऐकतील. पण सगळ्यांनी गायचं गाणं सगळ्यांच्या गळ्याचं हवं.

तुमच्या कीबोर्डवर ट्रान्सपोझचं बटण आहे ना? आमच्या वेळी पेटीवाल्याला अख्खं गाणं नव्या पट्टीत बोटांवर बसवावं लागायचं आणि तो आठवडाभर बोलायचा नाही.

---

जी_मेजर

एक तरुण म्हणून आता यायलाच हवं, कारण दहाव्या प्रतिसादापर्यंत सगळा दोष गिटारवर येणार हे मला माहीत आहे. ड्रम्सवर तर आलाच असेल.

गिटार चर्चमध्ये काल आलेली नाही. १८१८ साली नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडोर्फ गावच्या चर्चमध्ये "सायलेंट नाइट" पहिल्यांदा गायलं गेलं ते गिटारच्याच साथीवर. आणि जिला आज "आपलं पारंपरिक वाद्य" म्हणून मिठी मारता ती पेटी? ती युरोपातून आली, १८७५ च्या सुमारास कलकत्त्यात द्वारकानाथ घोषांनी तिला हातानं भाता मारायची सोय केली आणि मग ती जमिनीवर बसली. आकाशवाणीनं तर १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवलं होतं. तेव्हा परकं कोण, आपलं कोण, हे जरा जपून.

---

अल्टो_मावशी

@जी_मेजर, बाळा, गिटारला कुणी काही बोललंच नाहीये अजून.

---

जी_मेजर

हो मावशी. सवय झालीय.

---

वसईकर_क्वायर

मी कॅथलिक, त्यामुळे आमचा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण दुखणं तेच.

आमच्याकडे मिस्सामध्ये (आमच्या मुख्य उपासनेत) काय गायचं याची चौकट ठरलेली असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या कॅथलिक धर्माध्यक्षांची सभा, १९६२ ते ६५) लोकभाषेत मिस्सा आली आणि लॅटिन जाऊन मराठी गाणी आली. १९६७ मध्ये रोमहून पवित्र संगीताबद्दल एक सूचनापत्र निघालं. त्यातली एक गोष्ट आम्ही क्वायरवाले सोयीस्करपणे विसरतो. गायनाची सुरुवात कुठून करावी? तर धर्मगुरू आणि लोक यांच्यातल्या संवादापासून. धर्मगुरूंनी म्हणायचं, लोकांनी उत्तर द्यायचं, तेच आधी सुरात आणा. प्रवेशगीत, अर्पणगीत ही नंतरची पायरी. आपण मात्र उलट करतो. चार गाणी चार आवाजांत बसवतो आणि लोकांची दोन शब्दांची उत्तरं तशीच कोरडी राहतात.

आम्ही दोन वर्षांपूर्वी एवढंच केलं. प्रतिसाद-स्तोत्राचं पालुपद तीन-चार सुरांत बसणारं, छोटं. एक गायक कडवं म्हणतो, लोक पालुपद म्हणतात. पुस्तक लागत नाही, पडदाही नाही. तिसऱ्या रविवारी मागून आवाज यायला लागला.

उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधी, आमच्याकडे "आलेलुया" आणि गौरवगीत बंद असतं, वाद्यंही फक्त गाण्याला आधार देण्यापुरती. खरं सांगतो, त्या सहा आठवड्यांत लोक सगळ्यात चांगले गातात. मग पुनरुत्थानाच्या रात्री आलेलुया परत येतं तेव्हा विचारू नका.

---

मागचा_बाक

मी खातं आज उघडलं. या धाग्यावर एकाही न गाणाऱ्या माणसानं लिहिलेलं दिसत नाही, आणि मी तो आहे. तुमच्या चर्चमधला नसेन, पण शेवटून दुसऱ्या बाकावरचाच.

मी गात नाही कारण:

गाणं कधी सुरू होतं तेच कळत नाही. आधी गिटार वाजते, मग कीबोर्ड, मग गाणारा डोळे मिटतो. मी तोंड उघडतो आणि अजून चार आवर्तनं बाकी असतात. दोनदा एकटाच "हे" करून बसलोय. तिसऱ्यांदा माणूस वाट बघतो, चौथ्यांदा तीही बघत नाही.

गाणं ओळखीचं होईपर्यंत नवीन येतं. तुम्ही ते शनिवारी वीस वेळा गाता म्हणून तुम्हाला जुनं वाटतं. मी रविवारी एकदा ऐकतो, तेही आलो तर.

दिवे घालवता. व्यासपीठावर उजेड, आमच्यावर अंधार. अंधारात बसवलेला माणूस बघतो. सिनेमागृहात कुणी गातं का?

आणि एक. दीड वर्षापूर्वी माझी बायको गेली. त्यानंतरच्या रविवारी पाचही गाणी आनंदाची, विजयाची, नाचण्याची होती. तुमचा दोष नाही, तुम्ही आधीच बसवली होती. पण ते शब्द माझ्या तोंडून निघेनात. स्तोत्रसंहिता उघडून बसलो. १३ वं स्तोत्र देवाला "कुठवर?" असं विचारत सुरू होतं. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेड वगैरे काही येत नाही. ती पण गाणीच होती ना? कुणीतरी बसवली असतील, कुणीतरी तालीम केली असेल. आपल्याकडे ती का गात नाहीत?

---

मधलं_सप्तक

@मागचा_बाक, काका, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. उद्या तालमीत वाचून दाखवू का? नाव नाही सांगणार.

---

मागचा_बाक

नाव इथे नाहीच आहे. वाचा.

---

जुनं_पुस्तक

निवृत्त शिक्षक आहे, त्यामुळे लांबण लागेल. क्षमस्व.

पट्टी, फोम, दिवे, सगळं मान्य. पण मुळात आपण जे गातो ते मराठी तोंडात बसतं का, हे कुणी विचारलं नाही.

इंग्रजी भजनांच्या वर आकडे छापलेले असतात. ८.६.८.६ म्हणजे पहिल्या ओळीत आठ उच्चार, दुसरीत सहा, असं. आकडे जुळले की एका गीताची चाल दुसऱ्याला लावता येते. आपला मोठा अभंगही मोजून-मापूनच असतो, सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. म्हणून भाषांतर करणाऱ्यांना वाटलं, अक्षरं मोजली की झालं. पण इंग्रजी ओळ बहुधा हलक्या उच्चारानं सुरू होते आणि ठेका दुसऱ्यावर पडतो. मराठीत आपण शब्दाच्या तोंडालाच जोर देऊन उतरतो. ओळ समजा "आकाशी" या शब्दानं सुरू होत असेल, तर परक्या चालीत "आ" ठेक्याच्या आधी निसटतो आणि अख्खी मंडळी जोरात "काशी" म्हणते! मी हसू दाबत किती वर्षं काढली ते माझं मला माहीत.

हे दुखणं रेव्हरंड ना. वा. टिळकांना नेमकं कळलं होतं. १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन ते अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात आले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं म्हणणारा हा माणूस, त्यानं भाषांतरं करत बसण्यापेक्षा मराठी अभंग आणि पदंच लिहिली. नगरकडच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी तर उभं राहून, झांज वाजवत, शास्त्रातल्या कथा सांगितल्या. ज्या श्रोत्यांना अक्षर ओळखीचं नव्हतं, त्यांना ध्रुवपद एकदा कानावरून गेलं की पुरे. आजही "उपासना संगीत" हे आपलं गीतांचं पुस्तक उघडा आणि टिळकांचं एखादं भजन लावा. पुस्तकाकडे न बघता गाणारे म्हातारे किती, ते मोजा. मग भाषांतरित गीत लावा, परत मोजा.

त्याच्याही मागे जायचं तर फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडचा माणूस, पण १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेलं त्याचं "क्रिस्तपुराण" दहा हजारांहून जास्त ओव्यांचं आहे. ओवी का निवडली असेल? लोकांच्या जिभेवर ती आधीपासून होती म्हणून.

---

जी_मेजर

सर, आदर आहे. पण टिळक त्यांच्या काळात नवीनच होते की. तेव्हाही कुणीतरी नक्की म्हणालं असेल की हे अभंग-बिभंग चर्चमध्ये नको, आपली जुनी इंग्रजी चाल बरी. आमच्या पिढीनं आमच्या जिभेवरचं गावं, तर ती जीभ थोडी हिंदी आहे, थोडी इंग्रजी. मी खोटं बोलू का?

---

जुनं_पुस्तक

मुद्दा बिनतोड आहे आणि मला आवडलेला नाही. मग लिहा ना, बाळांनो! तुमच्या जिभेवरची मराठी घ्या आणि नवीन पदं लिहा. परक्या गाण्याचा "अनुवाद" पुरे. माझी तक्रार नवेपणाबद्दल नाही, "काशी"बद्दल आहे.

---

ठेका_भजनी

मी ख्रिस्ती नाही. मित्रासाठी त्याच्या चर्चमध्ये सणासुदीला तबला वाजवतो. बाहेरच्या माणसाचं निरीक्षण म्हणून घ्या.

तुमची चारच्या मोजणीतली गाणी कहरव्यात बसतात, तीनच्या मोजणीतली दादऱ्यात. त्यात काही अवघड नाही. अवघड हे की ड्रम्स, तबला, खंजिरी, टाळ्या आणि कीबोर्डमधला तयार ताल, असे पाच जण एकच काम करतात आणि पाचही जण थोडे थोडे वेगळे. गाणाऱ्यानं कुणाचा हात धरायचा? मी मित्राला सांगितलं, एका गाण्याला एकच ठेका. मी वाजवत असेन तर ड्रम्सवाल्यानं हात बांधून गावं. त्याला आधी राग आला. नंतर कळलं, पोराचा आवाज फार गोड आहे.

दुसरं, भजन सुरू झालं की सांगणारा एक ओळ म्हणतो आणि बाकीचे तीच ओळ परत म्हणतात. तिथे नवीन गाणं शिकवायला वेगळी तालीम लागत नाही, गाणं स्वतःच शिकवतं. मित्राच्या चर्चमध्ये एका भजनाला मागच्या आज्ज्यांनी टाळ्या धरल्या तेव्हा मी लय सोडून त्यांच्या मागे गेलो. त्या माझ्यापेक्षा पक्क्या होत्या.

---

कोरसमधला_चौथा

सगळं ठीक, पण चांगलं गाणं-वाजवणं म्हणजे जणू पाप असा सूर लागतोय. बायबलमधला १ इतिहास, अध्याय २५ वाचा. मंदिराच्या गायनासाठी नेमलेले, शिकून तयार झालेले २८८ जण. आसाफ, हेमान, यदूथून यांच्या हाताखाली. त्याच ग्रंथाच्या १५ व्या अध्यायात कनन्याला गायनाचा प्रमुख केलं, कारण त्याला त्यातलं कळत होतं. तयारी ही सेवाच आहे.

---

अल्टो_मावशी

कोण नाही म्हणतंय? पण तयारी कशासाठी, ते बघ. उत्तम भालदार तो, ज्याच्यामुळे राजा दिसतो. भालदारच दिसायला लागला तर?

संत ऑगस्टीन, जुन्या काळातले मोठे ख्रिस्ती धर्मगुरू, आपल्या आत्मकथनात लिहून गेलेत की गाण्यातल्या अर्थापेक्षा गायनच मला जास्त हलवून जातं तेव्हा मी अपराधी होतो, तेव्हा न ऐकलेलं बरं वाटतं. लगेच पुढे हेही कबूल करतात की याच गायनानं मला रडवलं होतं, म्हणून ते चर्चमध्ये राहू द्या. एवढा मोठा माणूस दोन्हीकडून ओढला गेला. आपण एका धाग्यात काय सोडवणार. (त्यांच्याच नावावर "जो गातो तो दोनदा प्रार्थना करतो" हे वाक्य भिंतींवर रंगवतात. ते त्यांच्या लिखाणात असं सापडत नाही. पण भिंतींना कोण सांगणार!)

---

कोरसमधला_चौथा

मावशी, भालदाराचं लिहून घेतलं. आता एक खासगी दुखणं. आमच्याकडे एक ज्येष्ठ आहेत, देवभीरू, सगळ्यांच्या मदतीला धावणारे. माईक सोडत नाहीत आणि सूर धरत नाहीत. काय करायचं?

---

अल्टो_मावशी

माईक काढून घेऊ नका, काम द्या. आमच्याकडे अशा एका दादांना कडव्याआधी शास्त्रवाचन दिलं. आवाज खणखणीत होता, त्यांना तेच शोभलं. गायला ते आमच्याबरोबरच उभे राहायचे, फक्त माईकपासून दोन पावलं मागे. आणि हे त्यांना तालमीत चारचौघांत सांगितलं नाही, मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. दुखलं त्यांना. तीन रविवार आले नाहीत. मग आले.

बाकावर बसून बेसूर गाणाऱ्याला मात्र कुणीही, कधीही काहीही बोलायचं नाही. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्ली यांनी १७६१ मध्ये गाण्याच्या सूचना लिहिल्या होत्या. सगळ्यांनी गा, अर्धमेले असल्यासारखे गाऊ नका, पण बाकीच्यांच्या वर ओरडूही नका, लय धरा, पुढे पळू नका, मागे रेंगाळू नका. त्यात सुरेल गा असं कलम मला तरी कुठे सापडलं नाही.

---

साउंडवाला_पोऱ्या

अवांतर: आमची भक्ती यूट्यूबवर लाइव्ह जाते आणि दर नाताळाला कॉपीराइटची नोटीस येते. पाळक म्हणतात धार्मिक कार्यक्रमाला सूट असते.

---

कोरसमधला_चौथा

आपल्या १९५७ च्या कायद्यात खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं वाजवण्या-गाण्याला सूट आहे. पण व्हिडिओ इंटरनेटवर टाकून ठेवणं ही वेगळी गोष्ट, त्या सुटीवर विसंबू नका. आणि नोटीस बहुतेक वेळा यूट्यूबची यंत्रणा आपोआप पाठवते, तिला कायद्यातली सूट कळत नाही. सोपा मार्ग असा की लेखक जाऊन साठ वर्षं उलटली की शब्द मोकळे होतात. टिळक १९१९ ला गेले, त्यांचं काहीही गा. चाल आणि रेकॉर्डिंग मात्र वेगळं बघावं लागतं. तयार ट्रॅक वाजवू नका, स्वतः वाजवा.

---

जुनं_पुस्तक

म्हणजे शेवटी कायदाही माझ्याच बाजूनं आहे तर.

---

मधलं_सप्तक (सात आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. काय केलं ते सांगतो. सगळं जमलं नाही.

मागच्या काकांचा प्रतिसाद तालमीत वाचला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आमचा ड्रमर म्हणाला, "दिवे तर आजपासून लावूया." दिवे लावले. पहिल्या रविवारी आम्हालाच कसंतरी झालं, समोर सगळ्यांचे चेहरे दिसत होते.

सगळी गाणी दोन सूर उतरवली. आमची मुख्य गायिका नाराज आहे, अजूनही. तिला अर्पणाच्या वेळचं गीत दिलंय.

सुरुवातीचं लांबलचक वाजवणं बंद. गाण्याची शेवटची ओळ वाजवायची, हातानं खूण करायची, सुरू. दोन कडव्यांमध्ये दरवेळी सारखंच अंतर. नवीन गाणं महिन्याला एकच. आधी दोन रविवार आम्ही गातो, मग तीन रविवार सगळे.

गालिच्यावरून मात्र पंचमंडळात भांडण झालं. तो नाताळच्या वर्गणीतून आणलेला होता, देणाऱ्यांच्या भावना वगैरे. गालिचा आहे तिथेच आहे. फोमचं नावसुद्धा काढलं नाही.

एका रविवारी १३ वं स्तोत्र घेतलं. आमच्यातल्या एका मुलीनं त्याचं साधं चार ओळींचं मराठी पद केलं, भजनाच्या अंगानं, मी म्हणायचं आणि लोकांनी परत म्हणायचं. फक्त पेटी. दुसऱ्यांदा ओळ परत आली तेव्हा मला माझाच आवाज ऐकू येईना. नंतर दोघी जणी त्या मुलीला शोधत आल्या, काय बोलल्या ते तिनं सांगितलं नाही. एक गृहस्थ माझ्याकडे येऊन म्हणाले की चर्चमध्ये रडकी गाणी नकोत. दोन्ही नोंदवून ठेवतोय.

तरुण संघाचे अर्धे खूश नाहीत. @जी_मेजर, तुझ्यासारखाच एक आहे आमच्याकडे. त्याला म्हटलं, तू लिही. त्यानं एक ध्रुवपद आणलंय. कडवी अजून यायची आहेत.

आणि हो, काल परत फोन ठेवला. त्याच बाकावर.

---

साउंडवाला_पोऱ्या

आणि???

---

मधलं_सप्तक

पहिली दोन गाणी जवळपास पूर्वीसारखीच. तिसरं टिळकांचं भजन होतं, त्यात बाकावरून आवाज येतो. एक जाड पुरुषी आवाज अगदी फोनजवळ, साधारण अर्धा सूर खाली, पण शेवटपर्यंत. एक लहान मूल फक्त ध्रुवपदालाच ओरडतं.

---

अल्टो_मावशी

इथे टाक ना ते रेकॉर्डिंग, ऐकू दे आम्हाला.

---

मधलं_सप्तक

नको मावशी. आम्ही दुसऱ्यानंतर थेट शेवटचं कडवं घेतलं आणि तो जाड आवाज एकटाच तिसरं कडवं म्हणत राहिला. संपूर्ण.

---

तिसरं_कडवं

कुठलं चर्च हे? मी येतोय.